पायरीवरचा फेस

पावसाळा सरला की घरोघरी एक काम निघते. अंगणातून ओट्यावर चढणाऱ्या सिमेंटच्या पायऱ्या चार महिन्यांच्या पावसाने हिरव्या-काळ्या पडलेल्या असतात. कडेने शेवाळ धरलेले असते, कुठे पांढरा खार फुटलेला असतो. दिवाळीच्या आत त्या लख्ख व्हायला हव्यात. मग कोणीतरी ॲसिडची बाटली आणते. पायरीवर धार सोडताच फस् असा आवाज होतो, पांढरा फेस येतो, नाकाला झोंबणारा वाफारा उठतो आणि फेस ओसरला की खालून स्वच्छ करडी पायरी दिसू लागते. पाहणाऱ्याला वाटते, फेस आला म्हणजे मळ निघाला.

शाळकरी वयात मी स्वतः आमच्या घराच्या पायऱ्या अशाच धुतल्या होत्या आणि शाबासकीही मिळवली होती. पुढच्या पावसाळ्यात त्याच पायऱ्यांवर आधीपेक्षा दाट शेवाळ आले. उन्हाळ्यात हात फिरवला तर वाळूचे कण हाताला लागत. दोन-तीन वर्षे असे धुणे झाल्यावर पायऱ्यांच्या कडा झिजून खडी उघडी पडली. मळ काढण्यात काही चुकले नव्हते, मग पायरी का झिजली, हे तेव्हा कळले नाही.

प्रश्न साधा आहे. तो फेस कशाचा होता? मळाचा, की पायरीचा? त्याचे उत्तर अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका दीपगृह बांधणाऱ्या अभियंत्याने शोधले होते. त्याला पायऱ्या धुवायच्या नव्हत्या, तर समुद्रात टिकेल असा चुना हवा होता.

समुद्रातला खडक आणि आम्लाचा थेंब

इंग्लंडच्या प्लिमथ बंदरापासून सुमारे २० किलोमीटरवर भर समुद्रात एडिस्टन नावाचे खडक आहेत. भरतीच्या वेळी ते पाण्याखाली जातात, म्हणून जहाजांना फार धोक्याचे. तिथे १६९८ मध्ये बांधलेले पहिले दीपगृह १७०३ च्या वादळात वाहून गेले. १७०९ मध्ये पुरे झालेले पुढचे, बरेचसे लाकडी दीपगृह १७५५ मध्ये जळाले. मग हे काम जॉन स्मीटन या अभियंत्याकडे आले. त्याने ठरवले, की आता बांधायचे ते दगडाचेच.

दगड मिळत होता. अडचण होती ती दगड जोडणाऱ्या चुन्याची. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो. पाण्यात मात्र तो घट्ट होण्याऐवजी धुपून जातो. एडिस्टनच्या खडकावर तर दिवसातून दोनदा पाणी येणार. त्या काळच्या गवंड्यांची समजूत अशी, की जितका कठीण दगड भाजावा तितका कठीण चुना मिळतो. स्मीटनने समजुतीवर विसंबून न राहता १७५६ मध्ये प्रयोग सुरू केले. वेगवेगळ्या ठिकाणचे चुनखडक आणून भाजले, चुना मळून त्याचे लहान गोळे केले आणि ते पाण्यात टाकून पाहिले. मऊ खडूचा चुना आणि कठीण संगमरवराचा चुना यांत काही फरक पडत नव्हता. दोन्ही पाण्यात निकामी ठरत. पण वेल्समधल्या अबरथॉच्या निळसर चुनखडकाचा चुना मात्र पाण्यातही घट्ट होत होता.

असे का, हे शोधायला स्मीटनने प्लिमथमधल्या विल्यम कुकवर्दी या जाणकाराकडून एक रीत शिकून घेतली. खडकाची पूड तीव्र आम्लात, म्हणजे नायट्रिक आम्लात, टाकायची. फेस येतो, पूड विरघळते. फेस थांबल्यावर तळाशी काय उरते ते पाहायचे. शुद्ध चुनखडक जवळजवळ पूर्ण विरघळून गेला. अबरथॉच्या खडकाचा मात्र गाळ उरला. तो गाळून, वाळवून, भाजून पाहिला तर ती चिकणमाती निघाली. पाण्यात टिकणाऱ्या चुन्याचे मर्म खडकाच्या कठीणपणात नसून त्यातल्या मातीत आहे, हे स्मीटनला असे समजले.

आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांनाही हे अनुभवाने ठाऊक होते. बैलाच्या घाणीत चुना मळताना ते त्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड घालीत. विहिरी आणि हौदांच्या कामाला असाच चुना लागे. भाजलेली माती आणि चुना यांची जोडी पाण्याला पुरून उरते, हीच गोष्ट स्मीटनने आम्ल वापरून दाखवून दिली.

१७५९ मध्ये त्याचे दीपगृह पुरे झाले. ते १८८२ पर्यंत चालले. नवे बांधावे लागले ते त्याचा चुना सुटला म्हणून नव्हे, तर खालचा खडकच लाटांनी पोखरला म्हणून. त्याचा वरचा भाग प्लिमथच्या किनाऱ्यावर आणून पुन्हा उभारला आहे.

स्मीटनच्या प्रयोगातला आपल्या कामाचा भाग एवढाच, की आम्ल टाकल्यावर फेसासह जे निघून जाते तो चुना. मातीवर आणि वाळूवर आम्लाचा विशेष परिणाम होत नाही. त्या मागे उरतात.

चुना आणि माती यांचा दगड

स्मीटननंतर अनेकांनी चुना आणि माती मिसळून, भाजून कृत्रिम सिमेंट करून पाहिले. लीड्सचा गवंडी जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ मध्ये अशा सिमेंटचे पेटंट घेतले. घट्ट झाल्यावर ते इंग्लंडच्या पोर्टलंड भागातल्या नामांकित दगडासारखे दिसते, म्हणून त्याने त्याला पोर्टलंड सिमेंट म्हटले. पुढे भट्टीचे तापमान वाढत गेले. आज चुनखडक आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सिमेंट करतात. भारतात पोरबंदरच्या कारखान्यात १९१४ मध्ये सिमेंट निघू लागले आणि हळूहळू घाणीच्या चुन्याची जागा सिमेंटच्या गोणीने घेतली.

सिमेंटमध्ये पाणी मिसळल्यावर ते नुसते वाळत नाही, पाण्याशी त्याचा रासायनिक संयोग होतो. त्यातून मुख्यतः दोन गोष्टी बनतात. एक म्हणजे कॅल्शिअम सिलिकेटचा पाणी धरलेला अगदी बारीक, चिवट पदार्थ. तो वाळू आणि खडीला बांधून ठेवतो. दुसरा म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड, अर्थात आपला विरी गेलेला चुना. या चुन्यामुळे ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा सामू १२ च्याही वर असतो. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागापासून आत शिरतो आणि या चुन्याचे कॅल्शिअम कार्बोनेट करत जातो. पायरीच्या भेगेतून झिरपणारे पाणी हा चुना विरघळवून वर आणते. पाणी उडून जाते आणि पांढरे डाग उरतात. आपण ज्याला खार फुटला म्हणतो, तो बहुधा हाच.

म्हणजे सिमेंटची पायरी हा आपल्या हातांनी घडवलेला चुनायुक्त दगडच. स्मीटनने ज्यावर आम्ल टाकले त्याच्याच कुळातला.

नको असलेले आम्ल

आता बाटलीतल्या आम्लाकडे वळू. पायऱ्यांसाठी आणले जाते ते हायड्रोक्लोरिक आम्ल. त्याचे जुने व्यापारी नाव म्युरिॲटिक ॲसिड. लॅटिनमध्ये ‘म्युरिया’ म्हणजे खारवलेले पाणी. मीठ आणि सल्फ्युरिक आम्ल एकत्र तापवले की ते मिळते. सतराव्या शतकात योहान ग्लाउबर याने ही रीत वापरली. पण दोनशे वर्षे ते प्रयोगशाळेतच राहिले. घराच्या पायरीवर ओतण्याइतके ते स्वस्त झाले कसे? त्याचे उत्तर आम्लात नाही, धुण्याच्या सोड्यात आहे.

अठराव्या शतकात काच, साबण आणि कापड यांच्या धंद्यांना सोडा, म्हणजे सोडिअम कार्बोनेट, भरपूर लागे. तो समुद्रकाठच्या वनस्पतींच्या राखेतून मिळत असे आणि पुरत नसे. फ्रान्समध्ये निकोला लब्लाँ या वैद्याने मिठापासून सोडा करण्याची रीत शोधून १७९१ मध्ये पेटंट घेतले. आधी मिठावर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून सोडिअम सल्फेट करायचे, मग ते कोळसा आणि चुनखडकाबरोबर भाजायचे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याचा कारखाना जप्त झाला. १८०६ मध्ये त्याने आत्महत्या केली. पण त्याची रीत ब्रिटनमध्ये फोफावली. १८२३ मध्ये जेम्स मस्प्रॅट याने लिव्हरपूलला कारखाना काढला, १८२५ मध्ये मिठावरचा कर उठला आणि लिव्हरपूल, सेंट हेलेन्स, विड्नेस, ग्लासगो या भागांत सोड्याच्या भट्ट्या पेटल्या.

या रीतीच्या पहिल्याच पायरीला हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो कोणालाच नको होता. कारखानदार तो धुराड्यातून सोडून देत. हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्याचे आम्ल होई. आसपासची झाडे वाळत, पिके करपत, घरातल्या लोखंडी वस्तू गंजत. शेतकऱ्यांनी आणि जमीनमालकांनी खटले भरले. कारखानदारांनी धुराडी उंच केली, तर वायू आणखी दूरच्या शेतांवर जाऊन पडू लागला.

उपाय होता तो पाण्याचा, कारण हा वायू पाण्यात भराभर विरघळतो. १८३६ मध्ये विल्यम गॉसेज याने एका पडीक पवनचक्कीच्या मनोऱ्यात झुडपांच्या फांद्या भरल्या, वरून पाण्याची बारीक धार सोडली आणि खालून वायू वर चढू दिला. वर पोचेपर्यंत वायू पाण्यात मुरून जाई. युक्ती चांगली होती, पण त्यासाठी खर्च कोण करणार? शेवटी १८६३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून कारखान्यांना या वायूचा किमान ९५ टक्के भाग अडवण्याची सक्ती केली. त्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेला पहिला निरीक्षक रॉबर्ट अँगस स्मिथ हा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याच्या १८७२ मधल्या हवा आणि पाऊस या विषयावरच्या पुस्तकाने ‘आम्ल पाऊस’ हा शब्द रूढ केला. मोठ्या शहरांत इमारतींचे दगड आणि विटा लवकर का झिजतात, याचा संबंध त्याने पावसातल्या आम्लाशी लावला होता.

अडवलेला वायू म्हणजे आता हौदच्या हौद हायड्रोक्लोरिक आम्ल. बरेचसे ओढ्या-नद्यांत सोडले गेले आणि पाणी बिघडले. पण काही कारखानदारांना त्याचा उपयोग सापडला. कार्ल शेले याने १७७४ मध्येच हे आम्ल आणि मँगनीज डायऑक्साइड यांपासून हिरवट पिवळा वायू मिळवला होता. १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने त्याला क्लोरीन हे नाव दिले. क्लोरीनने कापडाचा रंग जातो हे बर्थोले याने दाखवले. १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट याने विरी गेलेल्या चुन्यात क्लोरीन मुरवून कोरडी पूड करण्याचे पेटंट घेतले. तीच ब्लीचिंग पावडर. नको असलेले आम्ल क्लोरीन करायला कामी आले आणि क्लोरीन चुन्यात भरून विकता येऊ लागला.

पुढे सॉल्व्हेच्या रीतीने सोडा आणखी स्वस्तात होऊ लागला आणि लब्लाँच्या भट्ट्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थंडावल्या. आम्ल मात्र राहिले. आजही जगातले बरेचसे हायड्रोक्लोरिक आम्ल प्लॅस्टिक आणि इतर रसायने बनवताना जोडउत्पादन म्हणून निघते. ते स्वस्त आहे ते म्हणूनच. पायऱ्या धुण्यासाठी ते योग्य आहे, असा या स्वस्ताईचा अर्थ होत नाही.

पायरीवर काय होते

आता फेसाकडे परत येऊ. पायरीच्या वरच्या थरात कॅल्शिअम कार्बोनेट असते. त्याच्यावर आम्ल पडले, की

कॅल्शिअम कार्बोनेट + हायड्रोक्लोरिक आम्ल → कॅल्शिअम क्लोराइड + पाणी + कार्बन डायऑक्साइड

फेस आहे तो या कार्बन डायऑक्साइडचा. आत कॅल्शिअम हायड्रॉक्साइड असेल तर तेही विरघळते, फक्त फेस न येता. आम्ल पुढे सिलिकेटच्या चिवट पदार्थातलाही कॅल्शिअम काढून घेते आणि मागे ठिसूळ, भुसभुशीत अवशेष उरतो. वाळू आणि खडी मात्र तशीच राहते. मळ निघतो, कारण ज्या थराला तो चिकटला होता तो थरच निघून जातो.

किती थर जातो, याचा हिशेब अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना करता येईल. एक लिटर १० टक्के आम्लात सुमारे १०५ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड असते. ते पूर्ण वापरले गेले, तर सुमारे १०७ ग्रॅम कॅल्शिअम हायड्रॉक्साइड विरघळेल. बाजारातले तीव्र, ३० टक्के आम्ल असेल तर हाच आकडा सुमारे ३५० ग्रॅम होतो. पायरीतून मूठमूठ चुना काढून घेतला, असाच याचा अर्थ.

थर गेल्यावर पृष्ठभाग खरखरीत आणि सच्छिद्र होतो. त्यात पाणी अधिक वेळ मुरून राहते. ताज्या काँक्रीटच्या तीव्र अल्कतेत शेवाळ सहसा वाढत नाही. आम्लाने वरच्या थराची अल्कता गेलेली असते. ओलावा आहे, आधाराला खाचा आहेत आणि अल्कताही नाही, मग शेवाळाला आणखी काय हवे? आमच्या पायऱ्या दुसऱ्या पावसाळ्यात अधिक हिरव्या झाल्या, त्याचे कारण हे.

जिथे पायऱ्यांत सळ्या घातलेल्या असतात तिथे आणखी एक धोका असतो. अल्कधर्मी काँक्रीटमध्ये पोलादावर ऑक्साइडचा अगदी पातळ, संरक्षक थर असतो आणि त्यामुळे सळी गंजत नाही. क्लोराइड हा थर मोडते. म्हणून आयएस ४५६ (२०००) या भारतीय मानकाने सळ्या असलेले काँक्रीट घालताना त्यात दर घनमीटरला ०.६ किलोग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नसावे असे सांगितले आहे. एक मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच अशा पाच पायऱ्यांचे घनफळ ०.२२५ घनमीटर भरते. त्यांच्यासाठी ही मर्यादा १३५ ग्रॅम होते. एक लिटर १० टक्के आम्लात सुमारे १०० ग्रॅम क्लोराइड असते. त्यातले बरेचसे पाण्याबरोबर वाहून जाते हे खरे, पण भेगांत मुरते ते दरवर्षी साठत राहते. सळी गंजली की फुगते आणि काँक्रीटचा पापुद्रा सुटतो.

धोका पायरीपुरता नाही

अनेक घरांत ॲसिडने काम भागले नाही तर वर ब्लीचिंग पावडर टाकतात. दोन्ही साफ करणारी, मग एकत्र अधिक साफ करतील, असा विचार. पण चुन्यात कोंडलेला क्लोरीन आम्लाने पुन्हा मोकळा होतो. हा वायू फुप्फुसांना इजा करतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने शस्त्र म्हणून सोडला तो हाच. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नयेत, एकापाठोपाठही वापरू नयेत. मुलांनी घरी जाऊन सांगण्यासारखी गोष्ट कोणती असेल, तर ही.

आणि घरात ही बाटली असणे हीच एक जोखीम. माणसाच्या अंगावर आम्ल फेकण्याचे गुन्हे वाढल्यावर लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये आम्लाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्याने नोंदवही ठेवावी, ग्राहकाने ओळखपत्र दाखवून कारण सांगावे आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला आम्ल विकू नये, असे तो आदेश सांगतो. मुलाला दुकानात पाठवून ही बाटली मागवण्याचा रिवाज त्या दिवशीच संपायला हवा होता.

वर्गात करून पाहण्यासाठी

तीव्र आम्लाची काहीच गरज नाही. जुन्या गिलाव्याचे साधारण सारख्या आकाराचे दोन तुकडे घ्या. ते वाळवून, वजन करून एक पाण्यात आणि एक पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा. कोणत्या तुकड्यावर बुडबुडे येतात ते पाहा. दुसऱ्या दिवशी दोन्ही धुऊन, वाळवून पुन्हा वजन करा, पृष्ठभागावर नख घासून पाहा आणि व्हिनेगरच्या तळाशी काय उरले ते गाळून पाहा. स्मीटनने १७५६ मध्ये पाहिले होते तेच, वेगळ्या प्रमाणात, मुलांना दिसेल. शाळेत फिनॉल्फ्थॅलिन असेल तर काँक्रीटचा तुकडा फोडून ताज्या भंगावर एक थेंब टाका. आतला भाग गुलाबी होतो, हवेला उघडा असलेला जुना कडेचा थर बहुधा रंगहीन राहतो. काँक्रीटची अल्कता कुठवर टिकून आहे, हे बांधकामाचे अभियंतेही याच रीतीने तपासतात.

मग पायरी धुवावी कशी? खार असेल तर तो कोरडाच ब्रशने झाडावा. आधी पाणी ओतले तर तो विरघळून पुन्हा आत शिरतो. मातीसाठी पाणी आणि खराटा किंवा नारळाची शेंडी पुरते. लोखंडी तारांचा ब्रश टाळावा, त्याच्या तुटलेल्या तारा पायरीवर गंजाचे डाग पाडतात. तेलकट डागांवर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासावे आणि भरपूर पाणी ओतावे. सोडा अल्कधर्मी आहे, त्यामुळे तो सिमेंटला आम्लासारखा खात नाही. शेवाळ हटत नसेल तर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा ब्लीचिंग पावडर कालवून, वरचे नितळ पाणी हातमोजे घालून लावावे, दहा मिनिटांनी घासून खूप पाण्याने धुवावे. ब्लीचिंग पावडरमध्येही क्लोराइड असतेच, म्हणून हा उपाय वर्षातून एखाद्या वेळेपुरता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे छपराची पागोळी पायरीवर पडते आहे का, पायरीला पुढच्या बाजूस थोडा उतार आहे का, हे पाहावे. पाणी साचले नाही तर शेवाळही फारसे धरत नाही.

लब्लाँच्या भट्टीत लोकांना हवा होता तो सोडा, आम्ल नको होते. घराची पायरी धुतानाही हात सोड्याकडेच जायला हवा.